शेअरपॉइंटचा पसारा गळ्यात पडलाय, सुरुवात कुठून करू?

आधी प्रश्न थोडक्यात मांडते. चाकणजवळचा कारखाना, सहाशेच्या आसपास माणसं, कंपनीचं इंट्रानेट, म्हणजे फक्त कर्मचाऱ्यांसाठीची आतली वेबसाइट, मायक्रोसॉफ्टच्या शेअरपॉइंट ऑनलाइनवर. ज्या सहकाऱ्याने ते उभं केलं तो दोन आठवड्यांपूर्वी नोकरी सोडून गेला आणि हेल्पडेस्क सांभाळता सांभाळता हेही तुमच्याकडे आलं. आत चाळीसेक सब्साइट (मुख्य साइटच्या पोटातल्या साइट), त्यातल्या क्वालिटीच्या एकाच लायब्ररीत (फायली ठेवायच्या कप्प्यात) पंधरा हजार फायली, आणि कोणालाच काही सापडत नाही. त्यात प्लांट हेडना दिवाळीपर्यंत 'एकदम फ्रेश' होमपेज हवंय, जमेल तितकं मराठीत. तुम्ही विचारताय की कुठलं टेम्प्लेट घ्यावं.

टेम्प्लेटचं नंतर बघू. होमपेज सगळ्यात शेवटी करायचं. आणि त्याआधी एक काम आजच्या आज.

गेलेल्या सहकाऱ्याचं खातं अजून जिवंत आहे का ते बघा. एचआरने राजीनामा मंजूर केला की आयटीतलं कोणीतरी चेकलिस्टप्रमाणे लायसन्स काढतं आणि खातं डिलीट करतं. त्याने पॉवर ऑटोमेटवर बनवलेले फ्लो, म्हणजे आपोआप चालणारी कामं, त्याच्याच कनेक्शनवर, म्हणजे त्याच्याच लॉगिनच्या जोडणीवर, चालतात. गेट पासची मंजुरी असो की रजेच्या अर्जाचा मेल, खातं गेलं की हे सगळं लगेच बंद पडत नाही. काही दिवस चालतं, मग एकेक कनेक्शन मरतं. तोवर कोणाला आठवतही नाही की हे त्या माणसाने केलं होतं. पॉवर प्लॅटफॉर्मच्या ॲडमिन सेंटरमधून प्रत्येक फ्लोला दुसरा मालक जोडा आणि कनेक्शन एखाद्या सामाईक सर्व्हिस खात्यावर घ्या. त्याच्या वनड्राइव्हमध्येही डोकवा. सेटिंग कोणी बदललं नसेल तर खातं डिलीट झाल्यावर वनड्राइव्ह ३० दिवस राहतो, मग जातो. अर्धं डिपार्टमेंट ज्या एक्सेलवर चालतं ती एक्सेल नेमकी अशा कोणाच्या तरी वनड्राइव्हमध्ये असते. हे मी तीन वेगवेगळ्या कंपन्यांत पाहिलंय.

तिसरी जागा म्हणजे चेक-आउट, म्हणजे बदल करण्यासाठी फाइल स्वतःच्या नावावर अडकवून ठेवणं; ती परत सोडणं म्हणजे चेक-इन. एखाद्या लायब्ररीत चेक-आउट सक्तीचं असेल आणि त्याने चढवलेली फाइल कधी चेक-इनच केली नसेल, तर ती त्याच्याशिवाय कोणालाच दिसत नाही. लायब्ररीच्या सेटिंग्जमध्ये चेक-इन न झालेल्या फायलींचा हिशेब बघायची सोय आहे. तिथून मालकी स्वतःकडे घेता येते.

हे झालं की श्वास घ्या.

आता होमपेज शेवटी का, ते सांगते. मी या धंद्यात शेअरपॉइंट २००७ च्या काळापासून आहे, आणि सुरुवातीला मीही तुमच्यासारखीच होमपेजपासून सुरुवात करायचे. एका कंपनीत आम्ही फिरती चित्रं, एमडींचा संदेश, वाढदिवस, हवामान असं सगळं लावून पान उभं केलं. पेढे वाटले. वर्षभराने गेले तर 'ताज्या बातम्या'त पेढे वाटल्याचाच फोटो होता. वापराचे आकडे काढले तेव्हा लोक सगळ्यात जास्त काय उघडत होते? सुट्ट्यांची यादी, एक्स्टेन्शन नंबरांची यादी आणि कॅन्टीनचा मेन्यू. आणि या तिन्हींकडे ते होमपेजवरून जातच नव्हते. कोणीतरी कधीतरी व्हॉट्सॲपवर टाकलेली लिंक त्यांनी जपून ठेवली होती.

तेव्हा पहिला आठवडा स्क्रीनसमोर घालवू नका. टाइम ऑफिस, स्टोअर, अकाउंट्स, क्वालिटी अशा चार ठिकाणी तासभर बसा. सर्वेक्षणाचा फॉर्म पाठवू नका, त्यात लोक शहाण्यासारखी उत्तरं देतात. शेजारी खुर्ची ओढून विचारा, 'गेल्या आठवड्यात काय शोधत होतात आणि शेवटी कोणाला फोन केलात?' ज्याला फोन केला, ते तुमचं खरं इंट्रानेट. खात्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुन्हा पुन्हा मागितल्या जाणाऱ्या फायली लिहून घ्या. वीसेक निघतील. त्या वीस गोष्टी दोन क्लिकमध्ये मिळाल्या की लोक तुम्हाला दुवा देतील. बाकीच्या पंधरा हजार फायलींचं काय झालं ते कोणी विचारणार नाही.

दुसऱ्या आठवड्यात यादी करा. ॲडमिन सेंटरमधली ॲक्टिव्ह साइट्सची यादी सीएसव्हीत उतरवून घ्या, पण तिच्यावर विसंबू नका. त्या यादीत सब्साइट दिसत नाहीत. तुमच्या चाळीस सब्साइट तिथे बहुधा एकाच ओळीत दडलेल्या असतील. त्या शोधायला पॉवरशेल (आज्ञा टाइप करून चालवायचं साधन) लागेल, नाहीतर साइट कंटेंट्समधून एकेक उघडायची. चाळीसच आहेत, हाताने केलं तरी दोन दिवसांचं काम. यादीत शेवटचा बदल कधी, जागा किती, हे येईलच. त्यात दोन रकाने तुमच्या मनाचे घाला: हिचा मालक कोण, आणि उद्या ही बंद झाली तर कोण ओरडेल?

दुसऱ्या रकान्यात नाव लिहिता आलं नाही तर ती साइट बंद करायची. पण डिलीट नाही. आधी सगळ्यांचे बदल करायचे अधिकार काढून ती फक्त वाचण्यापुरती ठेवा, महिनाभर थांबा. कोणी ओरडलं तर मालक सापडला. कोणी नाही ओरडलं तर मग डिलीट. रीसायकल बिनमध्ये ९३ दिवस राहते, आणि हे ९३ दिवस दोन्ही टप्पे (आधी वापरणाऱ्यांचा बिन, मग ॲडमिनचा) मिळून असतात. दुसऱ्या टप्प्यात गेलं की मोजणी नव्याने सुरू होते, असा समज मोठमोठ्या ॲडमिन मंडळींचाही आहे. तसं होत नाही.

मालक प्रत्येक साइटला दोन हवेत, आणि दोघेही त्या खात्यातले. आयटीचा माणूस मालक ठेवला की ती साइट अनाथ झालीच समजा. तुम्ही सर्व्हर सांभाळाल, पण कॅलिब्रेशनचं सर्टिफिकेट जुनं झालंय हे तुम्हाला कसं कळणार? 'आमच्याकडे वेळ नाही' असं खातेप्रमुख म्हणतील. मग ती साइट त्यांना नको आहे, असं मेलवर लिहून मागा. बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी मालकाचं नाव येतं.

आता परवानग्या. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण इंट्रानेटमुळे नोकरी जायची वेळ येते ती इथेच.

एका कंपनीत पगारवाढीची एक्सेल शीट साध्या शोधात वर आली. कोणी हॅक केलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी 'ॲक्सेस येत नाही' अशा तक्रारींना कंटाळून कोणीतरी त्या साइटच्या मेंबर्समध्ये 'बाहेरचे सोडून सगळे' हा तयार गट घातला होता. तक्रारी थांबल्या. त्या दिवसापासून कंपनीतल्या प्रत्येकाला ती साइट उघडी होती, फक्त पत्ता माहीत नव्हता. शोधाला पत्ता लागत नाही, परवानगी लागते. ज्याला जे उघडायचा अधिकार आहे ते शोध त्याला दाखवणारच, आणि कोपायलटसारखी एआय साधनंही त्याच अधिकारांवर चालतात. तेव्हा हा गट कुठे कुठे घातलाय ते आधी शोधा. सुट्ट्यांच्या यादीला तो चालतो. एचआर, कॉस्टिंग, पर्चेस, कायदेशीर बाबी, इथे दिसला की काढा.

लिंकचंही नीट समजून घ्या. 'कंपनीतल्या कोणालाही' अशी लिंक केली तर ती फाइल लगेच सगळ्यांच्या शोधात येत नाही. ज्याने ती लिंक एकदा उघडली त्यालाच ती मिळते. म्हणून ती वरच्या गटापेक्षा कमी धोक्याची. पण लिंक पुढे सरकते आणि व्हॉट्सॲपवर तर पळते. संवेदनशील साइटवर आपोआप निवडला जाणारा लिंकचा प्रकार 'ठरावीक माणसांना' असा करून ठेवा. लोक डायलॉग न वाचता कॉपी दाबतात, मग जे दाबलं जाईल ते तरी सुरक्षित असू द्या.

आणि फायलीगणिक परवानगी तोडू नका. वरून वारसा येऊ द्या. 'ह्या फोल्डरमधली ही एक फाइल फक्त देशपांडे साहेबांना' अशी मागणी आली की समजायचं, त्या फाइलला वेगळी लायब्ररी हवी, नाहीतर वेगळी साइट. एका लायब्ररीत ५०,००० वेगळ्या परवानग्यांपर्यंत मर्यादा आहे आणि ५,००० च्या आत राहा असा मायक्रोसॉफ्टचाच सल्ला आहे, पण माणसाच्या डोक्याची मर्यादा दहाच्या पुढे नाही. सहा महिन्यांनी ऑडिटर विचारेल, 'हे कोण कोण बघू शकतं?' तेव्हा एका वाक्यात उत्तर देता आलं पाहिजे.

एक फसवी गोष्ट राहिली. मेन्यूतल्या लिंकला किंवा बातमीला 'ऑडियन्स' लावता येतो, म्हणजे ती ठरावीक गटालाच दिसते. पुष्कळ जण याला कुलूप समजतात. ते कुलूप नाही, नुसता पडदा आहे. लिंक दिसली नाही तरी परवानगी असेल तर फाइल उघडते.

तुमच्या पंधरा हजार फायलींच्या लायब्ररीकडे येते. तिथे व्ह्यू, म्हणजे यादी दाखवायची ठरलेली मांडणी, उघडला की मर्यादा ओलांडल्याचा निरोप येतो म्हणालात. त्यावर सगळे 'पाच हजारच फायली बसतात' असं सांगतात. ते खरं नाही. एका लिस्टमध्ये ३ कोटी नोंदी बसतात. ५,००० ही एका वेळी चाळायच्या नोंदींची मर्यादा आहे, आणि ती आली ती खालच्या डेटाबेसच्या स्वभावातून. एसक्यूएल सर्व्हर एकेका ओळीला कुलूप लावत जातो. कुलपं साधारण पाच हजारांवर गेली की एवढी कुलपं सांभाळण्यापेक्षा तो अख्ख्या टेबललाच एक कुलूप ठोकतो. मग तुमच्या एका व्ह्यूपायी बाकीचे सगळे ताटकळतात. ते टाळायला ही मर्यादा घातली आहे, आणि ऑनलाइनमध्ये ती कोणालाच वाढवून मिळत नाही. तेव्हा त्यावर तिकीट काढण्यात वेळ घालवू नका.

उपाय सोपा आहे. ज्या कॉलमवर लोक शोधतात, म्हणजे वर्ष, पार्ट नंबर, सप्लायर, त्यांना इंडेक्स (झटपट शोधासाठीची सूची) लावा. व्ह्यूच्या फिल्टरमध्ये पहिली अट या इंडेक्स लावलेल्या कॉलमची ठेवा आणि ती एकटीच यादी पाच हजारांच्या आत आणेल अशी निवडा. 'किंवा'ने जोडलेल्या अटी टाळा, त्या सगळं मुसळ केरात घालतात. आणि हे आत्ताच करा. नोंदी २०,००० च्या वर गेल्या की नवा इंडेक्स लावताना अडचण येते. तुमच्याकडे पाच हजारांची सवड आहे, आणि क्वालिटीचं खातं ती किती दिवसांत खाईल ते तुम्हीच बघा.

फोल्डर की कॉलम, हा वादही तुम्ही विचारलाय. एकेकाळी मी फोल्डरला शिव्या द्यायचे. सगळ्या लायब्ऱ्या सपाट करून प्रत्येक फाइलला पाच सक्तीचे कॉलम लावायचे. स्टोअरमधल्या काकांनी मला धडा दिला. प्रत्येक फाइलला ते पाचही ठिकाणी पहिला पर्याय निवडायचे, त्यामुळे सगळी चलनं 'अहमदनगर विभाग, इतर' अशी नोंदली गेली होती. शिवाय सक्तीचे कॉलम असलेली लायब्ररी संगणकावर सिंक केली की फक्त वाचण्यापुरती येते, आणि मग 'सेव्ह होत नाही' म्हणून फोन सुरू. आता मी एक किंवा दोन पातळ्यांचे फोल्डर ठेवते आणि लायब्ररीच्या सेटिंग्जमध्ये फोल्डरप्रमाणे कॉलमची किंमत आपोआप भरायची सोय वापरते. माणूस '२०२५' मग 'फोर्जिंग' या फोल्डरमध्ये फाइल टाकतो, वर्ष आणि विभाग आपसूक भरले जातात. त्याला फोल्डर मिळाला, तुम्हाला फिल्टर मिळाला.

जागा भरत आलीय, असं एका ओळीत लिहिलंय तुम्ही. बहुधा आवृत्त्यांनी खाल्ली असेल. जुन्या लायब्ऱ्यांत साधारणपणे ५०० आवृत्त्या ठेवल्या जातात आणि हिशेबात प्रत्येक आवृत्ती पूर्ण आकाराने धरली जाते. ऑटोसेव्ह चालू असलेलं ६० एमबीचं एखादं प्रेझेंटेशन बघा, मग कळेल. मर्यादा कमी करा, पण ऑडिटला लागणाऱ्या लायब्ररीला हात लावण्याआधी क्वालिटीच्या प्रमुखांना विचारा.

सब्साइटचं काय करायचं? नव्या अजिबात काढू नका. आताची पद्धत अशी: प्रत्येक खात्याची स्वतंत्र साइट, सगळ्या एका पातळीवर, आणि त्या एका हबला, म्हणजे सगळ्यांना बांधणाऱ्या मुख्य साइटला, जोडलेल्या. हबमुळे वरचा मेन्यू, रंग, बातम्या आणि शोध एकत्र येतात. परवानग्या मात्र एकत्र होत नाहीत, प्रत्येक साइटच्या तिच्या तिच्याच राहतात, आणि तेच बरं. मोठा फायदा कळतो तो खात्यांची फेररचना झाल्यावर. मेंटेनन्स प्रॉडक्शनखालून काढून प्रोजेक्ट्सखाली नेलं की जुन्या पद्धतीत पत्ता बदलायचा आणि सगळ्या लिंका तुटायच्या. हबमध्ये साइट एका हबमधून सोडायची, दुसऱ्याला जोडायची, पत्ता तोच. सब्साइट उचलून स्वतंत्र करायचं बटण मात्र नाही, मजकूर हलवावाच लागतो. म्हणून सगळ्या चाळीस हलवू नका. वरच्या गाळणीतून दहा-बारा उरतील, त्यातल्या ज्या रोज वापरात आहेत त्या आधी.

इथेच टीम्सची भानगड समजून घ्या. प्रत्येक टीममागे एक शेअरपॉइंट साइट असते, चॅनेल म्हणजे तिच्यातला एक फोल्डर. खासगी चॅनेल काढलं की त्याची वेगळी साइट तयार होते. 'आम्ही शेअरपॉइंट वापरतच नाही, आमचं सगळं टीम्सवर आहे' असं म्हणणारं खातंच बहुतेक वेळा सगळ्यात जास्त शेअरपॉइंट वापरत असतं. काम चालू असलेल्या फायली तिथेच राहू द्या. सगळ्यांनी वाचायची, मंजूर झालेली प्रत तेवढी खात्याच्या साइटवर आणा. कामाची जागा आणि प्रसिद्धीची जागा वेगळी ठेवली की निम्मे गोंधळ कमी होतात. पहिलीसाठी टीम साइट, दुसरीसाठी कम्युनिकेशन साइट.

आता मराठी. हा भाग कुठल्याही हेल्प पानावर तुम्हाला सापडणार नाही, म्हणून नीट वाचा.

साइट, लायब्ररी, कॉलम यांची नावं तयार करताना रोमन लिपीत, छोटी, मधे जागा न सोडता द्या. तयार झाल्यावर दिसणारं नाव मराठी करा. कारण तयार करतानाचं नाव पत्त्यात बसतं, आणि नुसतं दिसणारं नाव बदलून तिथून हलत नाही. पत्त्यात देवनागरीचं एकेक चिन्ह, म्हणजे काना, वेलांटी, हलन्तही वेगळं मोजून, नऊ नऊ अक्षरांच्या कोडमध्ये जातं. 'गुणवत्ता नियंत्रण' या दोन शब्दांचे पत्त्यात १४७ अक्षरं होतात. अशी लिंक व्हॉट्सॲपवर टाकली की पाहणाऱ्याला फसवणुकीची वाटते, आणि मेलमध्ये मधेच तुटते.

कॉलमचं तर आणखी वाईट. प्रत्येक कॉलमला एक आतलं नाव असतं, ते पुन्हा कधी बदलत नाही, आणि फ्लो, फॉर्म्युला, फॉरमॅटिंग सगळीकडे तेच लागतं. देवनागरी नाव दिलं तर तिथे प्रत्येक चिन्हाला सात अक्षरांचा कोड बसतो आणि ३२ अक्षरांवर नाव कापलं जातं. 'तपासणी दिनांक' आणि 'तपासणी अहवाल' हे दोन कॉलम केलेत तर कापल्यावर दोघांचं आतलं नाव सारखंच उरतं, मग यंत्रणा एकाला आकडा चिकटवते. सहा महिन्यांनी फ्लो लिहायला बसाल तेव्हा कुठला कोणता ते ओळखता येणार नाही. मी एका रात्री अकरा वाजेपर्यंत हेच करत बसले होते. रोमनमध्ये तयार करा, मग नाव बदला. दहा सेकंदांचं काम.

जुन्या मराठी फायली हा दुसरा खड्डा. २०१० च्या आधीची बरीच परिपत्रकं, युनियनचे करार, सेफ्टीच्या सूचना श्रीलिपी, कृतिदेव किंवा शिवाजी अशा फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात. पडद्यावर मराठी दिसते, पण आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात. शोधात 'करार' टाकला तर त्या फायली येणारच नाहीत. सगळं युनिकोडमध्ये बदलायच्या फंदात पडू नका. ज्या आजही लागू आहेत तेवढ्या बदला आणि वाचून तपासा, कारण जोडाक्षरं आणि रफार हटकून बिघडतात. बाकीच्यांना फक्त युनिकोडमध्ये नीट शीर्षक द्या आणि एका कॉलममध्ये चार शोधशब्द घाला. शीर्षक आणि कॉलम शोधले जातात, तेवढ्यावर काम भागतं. स्कॅन केलेल्या जुन्या कागदांनाही हेच लागू.

लोक शोधतात कसं तेही बघा. 'सुट्ट्या', 'सुट्या', 'सुट्टया' असं तिन्ही लिहितात. निम्मे रोमन लिपीत मराठी टाइप करतात आणि उरलेले 'हॉलिडे लिस्ट' इंग्रजीत. यंत्राला हे सगळे वेगळे शब्द. ॲडमिन सेंटरमध्ये शोधासाठी बुकमार्क करता येतात: शब्द ठरवायचे, त्यांवर कुठली लिंक सगळ्यात वर यावी ते सांगायचं. तुमच्या त्या वीस गोष्टींचे वीस बुकमार्क करा आणि प्रत्येकात शुद्ध, अशुद्ध, रोमन, इंग्रजी सगळी रूपं घाला. तासाभराचं काम आहे, आणि लोकांच्या लेखी 'शोध सुधारला' तो इथे. शुद्धलेखनाची चाड असेल तर पानावर दाखवा, शोधात नको.

प्रत्येक साइटची प्रादेशिक सेटिंग्ज भारताची आहेत ना, तेही तपासा. पुष्कळदा अमेरिकेची वेळ आणि महिना आधी लिहायची पद्धत तशीच राहिलेली असते. ०५/०६ ही मे की जून यावरून एका डिस्पॅचमध्ये ट्रक महिनाभर आधी बोलावलेला मी ऐकलाय.

मग दिसण्यातले बदल. तुम्ही सीएसएस (पानाचं रूप ठरवणारा कोड) येतं असं लिहिलंय, म्हणून धास्तावले. नव्या पानांवर सीएसएस घुसवू नका. जुन्या काळी आम्ही मास्टर पेज, म्हणजे सगळ्या पानांचा मूळ साचा, फाडून मनासारखं करायचो आणि प्रत्येक अपडेटला रडायचो. कस्टम स्क्रिप्ट, म्हणजे साइटवर स्वतःचा कोड चालवायची मुभा, ॲडमिनने चालू केली तरी आता ती २४ तासांत आपोआप बंद होते, यावरून मायक्रोसॉफ्टचा कल ओळखा. रंग, लोगो, मेन्यूचा प्रकार यासाठी थीम पुरते. लिस्टमध्ये मुदत संपलेली ओळ लाल, जवळ आलेली पिवळी असं हवं असेल तर कॉलम फॉरमॅटिंग आहे, थोडं जेसन (सूचना लिहायची एक साधी पद्धत) लिहावं लागतं, आणि ते कितीही बिघडलं तरी आतला डेटा सुखरूप राहतो. कारखान्यात या एका गोष्टीने जितकी माणसं खूश होतात तितकी कुठल्याही बॅनरने होत नाहीत. खरोखर वेगळं काही हवंच असेल तर शेअरपॉइंट फ्रेमवर्कमध्ये वेब पार्ट (पानावर बसवायचा स्वतंत्र तुकडा) लिहून घ्यावा लागतो, पण लिहिणारा गेल्यावर तो कोण सांभाळणार हे आधी ठरवा. तुम्ही आत्ता अशाच एका गेलेल्या माणसामागे बसला आहात.

सहकाऱ्याने जुने वर्कफ्लो (मंजुऱ्या पुढे सरकवणाऱ्या जुन्या पद्धतीच्या साखळ्या) किंवा इन्फोपाथ या जुन्या साधनातले फॉर्म ठेवले असतील तर त्यांची यादी आधी करा. शेअरपॉइंट ऑनलाइनमधल्या २०१३ पद्धतीच्या वर्कफ्लोंची अखेरची तारीख २ एप्रिल २०२६ ठरली, इन्फोपाथची १४ जुलै २०२६. त्यांच्यावर डागडुजी करण्यात अर्थ नाही, पॉवर ऑटोमेटमध्ये नव्याने करा. आणि नव्याने करताना प्रत्येक पायरी हवी का ते विचारा. एका गेट पासला पाच मंजुऱ्या होत्या, त्यातले दोघे निवृत्त झाले होते आणि त्यांच्या जागी कोणीतरी आपोआप मंजूर करत होतं.

राहिलं होमपेज. एव्हाना तुमच्याकडे वीस गोष्टींची यादी आणि दहा-बारा जिवंत साइट असतील, म्हणजे पान स्वतःच सुचेल. वर सहा ते आठ मोठी बटणं, मराठीत, क्रियापदासह: 'रजा टाका', 'गेट पास काढा', 'पगाराची स्लिप बघा'. खात्याच्या नावाने बटणं करू नका, ऑपरेटरला रजा कुठल्या खात्याकडे असते त्याच्याशी देणंघेणं नसतं. खाली बातम्या, पण तेव्हाच, जेव्हा आठवड्याला एक बातमी टाकायला माणूस नेमलेला असेल. नसेल तर तो भागच ठेवू नका, शिळ्या बातमीपेक्षा मोकळी जागा बरी. मोबाइलवर उघडून बघा, कारण शॉप फ्लोअरवर तेच बघणार आहेत. त्यांच्याकडे कंपनीचं लॉगिन आहे का, हाही प्रश्न एचआरला आत्ताच विचारून ठेवा. लायसन्सचा खर्च मंजूर व्हायला तुमच्या पानापेक्षा जास्त वेळ लागतो.

प्लांट हेडना दिवाळीला काहीतरी दाखवायला हवं हे मान्य. त्यांच्याच फोनवर शोधात अशुद्ध मराठीत 'सुट्या' टाकून दाखवा आणि पहिलीच ओळ बरोबर आली की फोन त्यांच्या हातात द्या. आणि हो, पुढच्या वर्षाची सुट्ट्यांची यादी टाइम ऑफिसकडून नोव्हेंबरातच मागून घ्या. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सहाशे जण तीच शोधायला येतील.